जितके, तितकेच

महिन्यातून एकदा आमच्या केंद्राची शिक्षण परिषद असते. आजूबाजूच्या दहा-बारा जिल्हा परिषद शाळांतले आम्ही शिक्षक एका शाळेत जमतो, कुणीतरी आदर्श पाठ घेतं, कुठले तक्ते भरायचे राहिलेत याची आठवण दिली जाते, चहा होतो आणि पाचच्या आत सगळे आपापल्या गाड्यांना किक मारतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका परिषदेत, चहा यायच्या आधी, दुसऱ्या केंद्रातून आलेल्या एका सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली:

८ + ४ = □ + ५

"उद्या चौथीला एवढंच लिहून द्या. समजावून काही सांगू नका. चौकटीत काय येतं ते मला पुढच्या वेळी सांगा," म्हणाले आणि खाली बसले. चौथीच्या मुलांना हे काय विचारायचं, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. तीन अंकी हातच्याची बेरीज घडाघडा करणारी पोरं ती.

दुसऱ्या दिवशी लिहून दिलं. माझ्या वर्गात तेव्हा तेवीस मुलं होती. एकवीस जणांनी चौकटीत १२ लिहिले. एका मुलाने १७ लिहिले. खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीने चौकट रिकामीच ठेवली होती, आणि मी जवळ गेले तशी तिने वही हाताने झाकून घेतली. सात हे खरं उत्तर कुणाच्याच वहीत नव्हतं.

बारावाल्यांपैकी काहींना ती शेवटची ५ तशीच लोंबकळत ठेवणं जिवावर आलं असावं. त्यांनी पुढे आणखी एक बरोबरचं चिन्ह काढून काम पुरं केलं होतं: ८ + ४ = १२ + ५ = १७. अक्षर देखणं, आकडे एका ओळीत. मी शेरा द्यायला लाल पेन उघडलं आणि तसंच हातात धरून बसले. कारण ही ओळ मी ओळखत होते. ती माझीच होती. तोंडी गणित घेताना फळ्यावर मी वर्षानुवर्षं असंच लिहीत आले होते: ५ + ३ = ८ + २ = १० − ४ = ६. बोलताना ते चालून जातं, पाचात तीन मिळवले आठ, त्यात दोन मिळवले दहा. पण लिहिलेलं वाचलं तर त्याचा अर्थ होतो पाच आणि तीन म्हणजे सहा. मी हे मुलांसमोर शेकडो वेळा लिहिलं होतं, आणि त्यांनी ते नीट शिकून घेतलं होतं.

आमची शाळा सातवीपर्यंतची आहे. सहावीला विचारलं, तिथेही बारा. पुढे कळलं की अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये थॉमस कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न पहिली ते सहावीच्या मुलांना विचारला होता, आणि १९९९ साली त्याबद्दल लिहिलंही होतं. सहावीच्या १४५ मुलांपैकी एकाच्याही चौकटीत सात नव्हते. काहींनी बारा लिहिले होते, काहींनी सतरा. मला हे वाचून हायसं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. माझ्या वर्गातली तेवीस मुलं काही अमेरिकेत शिकलेली नव्हती, माझ्याकडे शिकलेली होती.

मग मी मुलांना ती ओळ मोठ्याने वाचायला लावली. "आठ अधिक चार बरोबर..." इथपर्यंत आलं की आवाज चढायचा आणि थांबायचा. प्रश्न विचारल्यासारखा. पुढे चौकट असो नसो, "बरोबर" म्हटलं की आता उत्तर येणार.

या शब्दाचा मी तोवर कधी विचार केला नव्हता. आपण मराठीत या चिन्हाला "बरोबर" म्हणतो, आणि मुलाच्या कानावर हा शब्द दिवसभरात किती तऱ्हांनी पडतो! उत्तर बरोबर आलं. आईबरोबर बाजारात गेले. बरोबर अकरा वाजता जेवण. मोठ्या माणसाची बरोबरी करू नको. त्यातला शाळेत सगळ्यात जास्त ऐकू येणारा अर्थ पहिला, चूक की बरोबर. मग आठ अधिक चार बरोबर म्हटल्यावर मूल बरोबर उत्तर द्यायला धावलं, तर त्यात त्याची काय चूक? शब्दच तसं सांगतो आहे.

आणि गंमत अशी की खरा अर्थसुद्धा याच शब्दात दडलेला आहे. बरोबर हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत बर म्हणजे छाती. बराबर म्हणजे छातीला छाती भिडवून, एका रेषेत उभे असलेले दोघे. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. हे कळलं त्या दिवशी मी दोन मुलींना समोरासमोर उभं केलं आणि मध्ये आडव्या दोन पट्ट्या धरल्या. चिन्ह झालं.

ते चिन्ह काढणारा माणूस वेल्सचा. रॉबर्ट रेकॉर्ड त्याचं नाव, पेशाने वैद्य. "याच्याइतकेच ते" हे शब्द पुन्हा पुन्हा लिहून कंटाळला, म्हणून १५५७ साली त्याने दोन समांतर रेघा मारल्या. त्याचं म्हणणं, जगात कुठल्याही दोन गोष्टी याहून सारख्या असूच शकत नाहीत. त्याच्या रेघा आपल्यापेक्षा बऱ्याच लांब होत्या. पुढच्याच वर्षी तो लंडनच्या तुरुंगात वारला. मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा चिन्हापेक्षा तुरुंगाबद्दल जास्त प्रश्न आले. पण त्या दिवसापासून वर्गात रेघा लांब निघायला लागल्या, वहीच्या निम्म्या ओळीएवढ्या. मी निघू दिल्या.

रेघा लांब झाल्या तरी वाचन तेच होतं. शेवटी वाट सापडली ती आपल्या व्याकरणात. मराठीत सारखेपणा सांगायची एक जोडी आहे: जितके आणि तितके. जितकं दूध तितकंच पाणी. एकाने म्हटलं "जितके" की ऐकणारा "तितके"ची वाट बघतोच, वाक्य मध्ये सोडून देताच येत नाही. मी चिन्ह वाचायची रीत बदलली. आठ आणि चार मिळून जितके, चौकट आणि पाच मिळूनही तितकेच. तोंडाला जड जातं, वेळ लागतो. पण हे वाक्य पुरं करायला मुलाला पलीकडच्या बाजूला जावंच लागतं. "बरोबर"पाशी थांबता येतं, "जितके"पाशी येत नाही.

वाचून झालं, आता हाताला काहीतरी हवं होतं. गणितपेटीत शंभर मण्यांची माळ असते, दहा लाल, दहा पांढरे अशी. मी तिच्यातले बारा मणी एका वेगळ्या दोऱ्यात ओवले, दोऱ्याची टोकं दोन खिळ्यांना बांधली आणि आठव्या मण्यानंतर कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. डावीकडे आठ, उजवीकडे चार. मग एका मुलाला बोलावून चिमटा एक मणी डावीकडे सरकवायला सांगितला. चिमटा उघडताना मणी थोडे खुळखुळले. सात आणि पाच. पुन्हा एक मणी. सहा आणि सहा.

"मणी किती झाले?"

"बारा."

"मोजले का?"

"मोजायचे कशाला बाई? मी फक्त चिमटा हलवला."

तो "फक्त" मी अजून विसरलेले नाही. दोरीवर काही आलं नाही, दोरीवरून काही गेलं नाही, मध्ये खूण हलली तेवढीच. वही झाकून घेणारी ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा उठून फळ्याशी आली आणि तिने □ मध्ये ७ लिहिले. कसं काढलं विचारल्यावर तिने बेरीज सांगितलीच नाही. "चाराचे पाच झाले, म्हणजे आठातला एक गेला," म्हणाली. तिने बारा काढलेच नव्हते. बाराची गरजच पडली नव्हती.

मला वाटतं, या सगळ्या भागाचा जीव इथे आहे. दोन पदावल्या, म्हणजे ८ + ४ आणि ७ + ५ अशा मांडण्या, समान आहेत हे दोन्हींचं उत्तर काढून दाखवता येतं, आणि पुस्तकं बहुतेक तेच करायला सांगतात: डावी बाजू सोडवा, उजवी बाजू सोडवा, सारखी आली का बघा. त्याने खात्री पटते, पण नजर येत नाही. २८ + ३५ हे ३० + ३३ इतकेच आहेत, हे ६३ वर न जाता दिसलं पाहिजे. पस्तिसातल्या दोघांनी उठून अठ्ठाविसाशेजारी जाऊन बसायचं, बस. ज्या मुलाला हे दिसलं त्याची हातच्याशी असलेली झटापट निम्म्याने कमी होते.

तराजूचा प्रयोग मात्र फसला. सगळी शिक्षक हस्तपुस्तकं सांगतात की समानता तराजूवर दाखवा. आमच्याकडे तराजू नव्हता, म्हणून कपड्यांच्या हँगरला दोन करवंट्या टांगल्या आणि चिंचोके घेतले. एका करवंटीत आठ आणि चार, दुसरीत सात आणि पाच. हँगर एका बाजूला चांगलाच कलला. वर्ग एका सुरात ओरडला, "नाही बरोबर!" मी चिंचोके बदलून पाहिले. आता तो दुसऱ्या बाजूला कलला. चिंचोके काही एकसारखे नसतात, करवंट्या तर त्याहून नसतात. ज्याच्या आजोबांचं आठवडी बाजारात दुकान असायचं, तो मुलगा म्हणाला, "बाई, आधी पासंग काढा ना." त्याला माहीत होतं. रिकाम्या पारड्यांत फरक असेल तर हलक्या पारड्यात खडा टाकून आधी ती सारखी करून घ्यायची, आणि मगच माल तोलायला घ्यायचा. तेलाच्या किटलीचा धडा करतात तसंच, किटलीच्या वजनाचा दगड दुसऱ्या बाजूला. आम्ही खडा टाकला, चिंचोक्यांऐवजी माळेचे मणी घेतले, आणि हँगर सरळ झाला.

पण चिंचोक्यांनी एक प्रश्न मागे ठेवला. मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, चिंचोके इकडे पण बारा होते आणि तिकडे पण बारा होते. मग बरोबर कशात बरोबर?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, देता आलं नाही. मोजायला घेतलं तर बरोबर, तोलायला घेतलं तर नाही. आठ लिंबं आणि चार कैऱ्या, सात लिंबं आणि पाच कैऱ्या: फळं तितकीच, लोणचं वेगळं. आपण ८ + ४ = ७ + ५ लिहितो तेव्हा बाकी सगळं, रंग, वजन, चव, बाजूला ठेवून एकाच गोष्टीत सारखे आहेत असं म्हणत असतो. नऊ वर्षांच्या पोराने ते विचारलं होतं. पुढचे दोन दिवस आम्ही वर्गात तेवढंच बोललो. पाच रुपयांच्या दोन नाण्यांत आणि दहाच्या नोटेत काय सारखं आहे? दुकानदाराला काय फरक पडतो? खिशाला काय फरक पडतो? अभ्यासक्रम दोन दिवस मागे पडला. मला त्याचं काही वाटलं नाही.

आपल्या संख्यांची नावं हाताशी असताना मी ती इतकी वर्षं वापरली कशी नाहीत, याचं मात्र वाटतं. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. नावच पदावली आहे: ३० − १. मुलांना असे शब्द शोधायला सांगितले तर एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत आठ सापडले, आणि मग नव्याण्णवपाशी वर्ग अडला. एकोणशंभर का नाही? याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण ९९ = १०० − १ हे त्या दिवशी कुणाला शिकवावं लागलं नाही. घड्याळात पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, सव्वा म्हणजे एकावर पाव. आमच्या आज्या ही भाषा बोलत होत्याच, आम्ही तिला गणित म्हणत नव्हतो एवढंच.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकविसाच्या जोडीला वीस एक, बाविसाच्या जोडीला वीस दोन अशी नावं आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला हे बहुतेकांना आठवत असेल. मराठी भाषा बुडाली इथपर्यंत मजल गेली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने गोंधळणाऱ्या मुलांसाठी ही सोय आहे, जुने शब्द कुठेही गेलेले नाहीत. २०२३ मध्ये त्या गेल्या. मी त्यांना कधी भेटले नाही, पण पुस्तक आलं त्या वर्षी दुसरी माझ्याकडे होती आणि वीस दोन हा शब्द मी मनापासून वापरला. तेवीस ऐकून २३ लिहायचं तर मुलाला आधी तीन ऐकू येतो, मग वीस, आणि लिहायचे उलटे. पण मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेगळंच. एका संख्येला दोन नावं असू शकतात, आणि दोन्ही खरी असतात, हे मुलाला दुसरीतच कळत होतं. बावीस जितके, वीस दोन तितकेच. पुढे याच रस्त्याने २२ = २० + २ = १० + १२ येतात. जुनं की नवं असा वाद घालणाऱ्या मोठ्या माणसांना ही साधी गोष्ट दिसली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

बेरजेत सगळं सुरळीत चाललं म्हणून मी वजाबाकीत शिरले, आणि तिथे मुलांनी मला अडवलं. ४३ − १९. बेरजेत एकाचं दुसऱ्याला द्यायची सवय झालेली, म्हणून त्यांनी त्रेचाळिसातला एक काढून एकोणिसाला दिला: ४२ − २०. उत्तर बावीस. मांडून केली तर चोवीस. इतका वेळ खरी ठरलेली युक्ती खोटी कशी ठरली, म्हणून वर्ग हिरमुसला. मी "वजाबाकीत दोन्हीकडे सारखंच मिळवायचं" असा नियम सांगू शकले असते. सांगितला नाही, कारण नियम म्हणून तो दोन दिवसांत बेरजेत घुसला असता.

मी वयं काढली. तू नऊ वर्षांचा, आई चौतीसची. आई तुझ्यापेक्षा कितीने मोठी? पंचवीस. पुढच्या वर्षी? पस्तीस वजा दहा, पंचवीसच. तू म्हातारा झालास तरी पंचवीसच. मुलं खूश झाली. जो तो आपली वयं मांडायला लागला. ४३ − १९ चे ४४ − २० आपोआप झाले, कारण एक वर्ष दोघांचंही सरतं.

तेवढ्यात एक मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, "बाई, माझ्या पप्पांचं वय वाढत नाही."

वर्गात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं, त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. मी बोलायच्या भरात विसरले होते. तो रडला वगैरे नाही, हिशोबातली अडचण सांगावी तसं त्याने सांगितलं. "दरवर्षी एक कमी होतो ना मग," म्हणाला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि हो म्हणाले, कारण ते खरं होतं.

त्यानंतर मी ते उदाहरण कधी घेतलं नाही. आता दोघांना शाळेच्या पायऱ्यांवर उभं करते, एक खाली, एक तीन पायऱ्या वर. दोघांनी एकेक पायरी चढायची. अंतर तेवढंच.

पायऱ्यांवरून १००० − ३४८ ला पोचायला दोन आठवडे लागले. शिक्षकाला विचारा, चौथीत सगळ्यात जास्त खोडरबर कुठे झिजतं. शून्यांच्या रांगेतून उसने घेताना. एककाकडे काही नाही, दशकाकडे जावं तर तिथेही शून्य, शतकाकडे शून्य, हजाराचं दार वाजवायचं, तो एक देणार, वाटेत प्रत्येकाने नऊ ठेवून पुढे द्यायचे. मोठी माणसंही इथे अडखळतात. आमच्या एका मुलीने दोघांना एक पायरी खाली उतरवलं. ९९९ − ३४७. आता कुणाकडे काही मागायचं नाही. नवातून सात गेले दोन, नवातून चार गेले पाच, नवातून तीन गेले सहा. सहाशे बावन्न. तिने वही मला दाखवली नाही, शेजारणीला दाखवली, तिने पलीकडच्याला. मी कोपऱ्यात वह्या तपासत होते, मला सगळ्यात शेवटी कळलं. एक गोष्ट वर्गात अशी हातोहात फिरताना मी फार वेळा पाहिलेली नाही.

याच मुलीला त्या वर्षीच्या एका बाहेरच्या चाचणीत याच गणिताचे गुण मिळाले नाहीत. उत्तर ६५२ च होतं, पण "रीत नाही" असा शेरा होता. १००० − ३४८ = ९९९ − ३४७ ही ओळ तपासणाऱ्याने लाल रेघेने खोडली होती. मला राग आला, अजूनही येतो. ती ओळ म्हणजेच रीत होती. हातचे, उसने, खाडाखोड नसली की गणित केलंच नाही असं आपण धरून चालतो. मी तिला सांगितलं की तुझं बरोबर आहे. तिने विचारलं, "मग पुढच्या वेळी काय लिहू?" मी म्हणाले, दोन्ही लिही. हे सांगताना मला बरं वाटलं नव्हतं, पण मुलीचे गुण पुन्हा जायला नको होते.

पालकांच्याही तक्रारी आल्या. एक वडील टोमॅटोच्या हंगामात भर दुपारी शाळेत आले. पोरगं उत्तर काढत नाही, नुसतं इकडचं तिकडे करत बसतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या भागातून टोमॅटो पिंपळगावच्या बाजारात जातो, कॅरेटमध्ये भरून. मी विचारलं, आज किती माल घातला? पस्तीस कॅरेट. वीस किलोचं एक धरलं तर किती झाला? त्यांनी डोळेसुद्धा वर केले नाहीत. "सातशे किलो." कसं केलंत? "पस्तीस दुणे सत्तर, त्याच्यावर शून्य." मी त्यांच्या मुलाची वही उघडून दाखवली. ३५ × २० = ७० × १०. ते बराच वेळ बघत राहिले. "हे लिहितात होय," म्हणाले. त्यांना हे येत होतंच, ते कागदावर येऊ शकतं हे कुणी सांगितलं नव्हतं. २५ × १६ = ५० × ८ = १०० × ४ ही साखळी त्यांना दाखवली तर त्यांनी चारशे माझ्याआधी सांगितले.

त्या उन्हाळ्यात आम्ही चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलो. गौताळ्याच्या डोंगराच्या कुशीत आहे. भास्कराचार्यांचा तिथला संबंध शाळेपासून ऐकत आले होते. ११५० साली लीलावती लिहिणारे भास्कराचार्य. त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ साली तिथे त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. शेवटी शेवटी तो जुन्या मराठीत येतो आणि मठाला बाजारातून काय काय मिळावं हे सांगतो. गणिताची शाळा बाजाराच्या देण्यावर चालायची, हे वाचून मला टोमॅटोवाले वडील आठवले.

भास्कराचार्यांकडे बरोबरचं चिन्ह नव्हतं. समीकरणाच्या दोन बाजूंना ते पक्ष म्हणत, आणि एक पक्ष लिहून त्याच्या खाली दुसरा लिहीत, वरची राशी खालच्या राशीशी जुळवून. पक्ष म्हणजे पंखसुद्धा. वर-खाली लिहिलं की एक आपोआप घडतं: कुठला प्रश्न आणि कुठलं उत्तर हे सांगता येत नाही. डावीकडून उजवीकडे धावायची घाई तिथे होतच नाही. परत आल्यावर मी वर्गात काही दिवस तसं लिहून पाहिलं, वर ८ + ४, खाली ७ + ५, मध्ये काही नाही. मुलांनी खाली बारा लिहिले नाहीत.

आता वर्गात एक रोजचा पाठ आहे. तारीख लिहून झाली की तारखेचा आकडा जितक्या तऱ्हेने लिहिता येईल तितक्या तऱ्हेने लिहायचा. बारा तारखेला एकाने १२ = ८ + ४ लिहिलं तर निम्मा वर्ग आक्षेप घेतो, उत्तर आधी कसं येईल? दर वर्षी घेतो. एकदा एका पोरीने १२ = १२ लिहून सगळ्यांना गप्प केलं. चालतं का हे? पाऊण तास भांडण चाललं होतं. ज्यांना चालत नव्हतं त्यांचं म्हणणं, हिने काही केलंच नाही. ती म्हणत होती, "पण खोटं आहे का?"

यंदा जूनमध्ये नवी चौथी आली. पहिल्या आठवड्यात ती ओळ फळ्यावर लिहिली. पुन्हा बारा, पुन्हा एखादा सतरा. तिसरीपर्यंत त्यांनी जे वाचलं तेच ती वाचणार. मी खडू ठेवला आणि समोरच्या मुलाला म्हटलं, "काय लिहिलंय ते वाच बरं. बरोबर नको म्हणूस, जितके आणि तितकेच म्हण."

"आठ आणि चार मिळून जितके," तो म्हणाला. मग थांबला, आणि चौकटीच्या पलीकडे उभ्या असलेल्या पाचाकडे बघायला लागला.